कुलूप झोपत नाही

१२ डिसेंबर १९५५, सोमवार

आजपासून रोजनिशी. या संस्थेत नीट नोंद ठेवणारं कोणी नाही, आणि बोटीच्या कंपनीत उभी हयात क्लार्की केलेल्या माणसाला ते बघवत नाही.

संस्था म्हणजे श्रीमती अंबिका स्मारक अपंगाश्रम, परळ. खाली ऑफिस, स्वयंपाकघर आणि सकाळचा मोफत दवाखाना. वर एक लांब खोली, तिला एकच दार, एकच लाकडी जिना. खोलीत पाच खाटा, पाच माणसं. त्यातले चार रहिवासी. पाचवा मी, रमाकांत टिपणीस. मला मणक्याचा क्षय झाला होता. क्षय गेला, जाताना पाय घेऊन गेला. मी इथे तात्पुरता आहे. धाकटा भाऊ जयवंत गिरगावात तळमजल्याची जागा शोधतोय, मिळाली की नेणार. मिळत नाही हो तळमजला. तीन वर्षं वणवण करतोय बिचारा.

तोवर संस्था सुधारून टाकतो.

१३ डिसेंबर, मंगळवार

पाहणी केली. चाकांची खुर्ची संस्थेत एकच. पाहणीच्या कामाला ती माझ्याकडेच असणं सोयीचं, म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी मी बसून घेतो. रामजीने कुरकुर केली. रामजी गोदीत हमाल होता, पाठीवर पेटी पडली, तेव्हापासून आडवा. त्याला समजावलं की खुर्ची माझ्यासाठी नाही, कामासाठी आहे. तो जे बोलला ते मालवणीत होतं. इथे लिहीत नाही.

धोके पुष्कळ सापडले. सगळ्यात मोठा धोका शिवा. शिवा म्हणजे आमचा अटेंडंट. सकाळी तोंड धुवायला पाणी, मग औषधं, मग उचलणं-बसवणं, सगळं तोच करतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रात्रीची. वरच्या दारात सतरंजी टाकून झोपतो आणि असा घोरतो की खिडकीची तावदानं वाजतात. झोपण्यापूर्वी बिडी. लाकडी जिन्यावर बिडी! शिवाय कोणी हाक मारली तर उठतो ते आधी जांभई देऊन.

दुसरा धोका, पिण्याच्या पाण्याचा पेला सगळ्यांना एकच. प्रत्येकाचा वेगळा हवा, निव्वळ आरोग्याच्या दृष्टीने. भिवाने विचारलं, निव्वळ? भिवाचा उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला. खाटेवर बाबासाहेबांचा फोटो लावलाय. मी म्हटलं, निव्वळ. तो म्हणाला, मग ठीक. आणि त्याच पेल्याने पाणी पिऊन पेला माझ्यापुढे ठेवला. मला तहान नव्हती.

१५ डिसेंबर, गुरुवार

अर्ज लिहून पूर्ण. मथळा दिला आहे ‘निवासी अपंग संस्थांतील सुरक्षिततेची स्टँडर्ड्‌स’. कागद कमी म्हणून अक्षर बारीक काढावं लागलं. मुख्य मागणी: शिवाला रात्री दारातून हलवावं आणि दाराला बाहेरून भक्कम कुलूप लावावं. शेवटचं वाक्य फार चांगलं उतरलंय: माणूस झोपतो, कुलूप झोपत नाही.

सगळ्यांना वाचून दाखवलं. सीताराम आंधळा आहे, पण ऐकतो मन लावून. त्याने एवढंच विचारलं की झालं का. अप्पा म्हणाला, साहेब, आणि आग लागली तर? मी म्हटलं, शिवा नसला की बिडी नसणार, बिडी नसली की आग लागेल कुठून? अप्पाला उत्तर सुचलं नाही. उशीत तोंड खुपसून पडून राहिला. खांदे हलत होते, बहुधा पश्चात्ताप.

अप्पाची खाट माझ्या शेजारी. तिशीचा असेल. छापखान्यात खिळे जुळवायचा. फिट्स येतात. एकदा फिट येऊन जुळवलेलं सगळं पान अंगावर घेतलं, नोकरी गेली, मग घरच्यांनीही हात वर केले. रोज पेपर मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक बातमीत स्वतःचं एक वाक्य घालतो. कुठलं पेपरचं आणि कुठलं त्याचं, कळत नाही. संयुक्त महाराष्ट्राचा कट्टर. मला विचारतो, साहेब, तुम्ही कुठल्या बाजूचे? मी सांगितलं, प्रशासनाने तटस्थ राहायचं असतं.

अर्ज अधीक्षक वझे मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी वजन करून पाहिला. म्हणाले, वा, वा.

२४ डिसेंबर, शनिवार

विजय! आज संध्याकाळी दाराला बाहेरून कडी आणि पितळी कुलूप. हे एवढं मोठं. दिवेलागणीला शिवाने सतरंजी गुंडाळली, बाहेरून कुलूप लावलं आणि गेला. सकाळी येऊन उघडणार. नऊ दिवसांत अर्ज मंजूर! आमच्या कंपनीत साधी टाचणी मंजूर व्हायला महिना लागायचा.

सगळ्यांना सांगितलं की हे माझ्या अर्जामुळे. टाळी कोणी वाजवली नाही. भिवाला वाजवता येत नाही ते समजू शकतो.

शिवा जाताना घाईत होता. तिकडे वेळेत पोचायला लागतं साहेब, म्हणाला. तिकडे म्हणजे लालबागला, घरी. बायको मालन वाट बघत असणार. एक प्रकारे त्याच्या संसाराचंही भलं केलं मी.

आज घोरणं नाही. फार शांत वाटलं. जरा जास्तच.

१ जानेवारी १९५६, रविवार

नव्या वर्षाचे संकल्प. १) अर्जाला पुरवणी. २) चिडायचं नाही. ३) जयवंतला पत्रातून जागेबद्दल विचारायचं नाही, त्याला उगाच दडपण. ४) अप्पाला पेपर वाचताना मधे थांबवायचं नाही.

चौथा दुपारी मोडला. दुसरा त्याच वेळी.

९ जानेवारी, सोमवार

पुरवणी दिली. मोरीच्या दारातल्या पिंपामुळे फरशी ओली राहते, सबब पिंपात निम्मंच पाणी भरावं. वझे मास्तर जिन्यात भेटले, म्हणजे ते जिन्यात आणि मी वर. कागद घेऊन म्हणाले, वा, वा. लगेच खाली गेले. कामाचा माणूस.

शिवाला मी तोंडीही सांगून ठेवलं. आनंदाने हो म्हणाला. पिंप तो खालच्या नळावरून बादलीने भरतो.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. राधाबाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. राधाबाई स्वयंपाकीणबाई, मागच्याच चाळीत राहतात. जयवंत येणार होता, आला नाही. सुट्टीच्या दिवशीच जागा बघायला सवड मिळते त्याला.

अप्पाला सकाळी फिट. शिवाला गोळी आणायला उशीर झाला होता. गोळ्या खाली दवाखान्याच्या कपाटात असतात, शिवा सकाळी आला की पहिलं काम तेच. फिट उतरल्यावर अप्पा माझ्याकडे बघून म्हणाला, गोड बोला साहेब. मी म्हटलं, मी बोललोच कुठे? म्हणाला, म्हणूनच.

१६ जानेवारी, सोमवार

समोरच्या हॉटेलात रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्रात नाही, केंद्राकडे. रस्त्यावर एकदम गप्प. मग एकदम आवाज. अप्पा खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि खिडकीच्या चौकटीवर मुठी मारत राहिला. भिवाने त्याला डाव्या हाताने धरून खाटेवर आणला. रामजी रडला. मला वाटलं पाठ दुखतेय. विचारलं, तर म्हणाला, गप रव.

शिवा आज लवकरच कुलूप लावून पळाला. रस्ते बंद होतील म्हणत होता. वक्तशीरपणात सुधारणा आहे.

१७ जानेवारी, मंगळवार. सकाळ

शिवा आलेला नाही. उशीर झाल्याची नोंद केली.

थोड्या वेळाने

अजून नाही. राधाबाईही नाहीत. खाली दवाखानाही उघडलेला नाही. सीताराम म्हणतो, ट्रामचा आवाज नाही, बसचा नाही, गिरणीचा भोंगासुद्धा नीट झाला नाही. हरताळ असेल. सुटीचा अर्ज न देता गैरहजर, असा शेरा मारला.

पिंप कालच निम्मं भरलं होतं. माझ्या सूचनेचं इतकं काटेकोर पालन या संस्थेत प्रथमच होतंय.

दुपार

खाली लालबागच्या बाजूने जमाव आला. भिवा म्हणाला, आता ओरडू या, कोणीतरी वर येऊन कुलूप तोडेल. मी म्हटलं, शिस्तीत, एका सुरात. मी एक दोन तीन म्हटलं आणि सगळे ओरडलो, कुलूप उघडा!

खालून उत्तर आलं, झालाच पाहिजे!

आम्ही परत, कुलूप उघडा! ते परत, झालाच पाहिजे! एक जण आमच्याकडे बघून टोपी उडवत होता. कोणीतरी ओरडलं, वरच्या अपंगांचा विजय असो. रामजीचा आवाज गोदीतला आहे, त्याने शिव्या दिल्या. त्यालाही टाळ्या पडल्या. मग पोलिसांची गाडी आली, पळापळ, आणि काहीतरी फुटल्यासारखा आवाज. अश्रुधूर. खिडकी लावली तर कोंडतं, उघडली तर डोळे जळतात. डोळे धुवायला पाणी वापरलं. वापरायला नको होतं.

सीताराम म्हणाला, माझ्या डोळ्यांचं एक बरं आहे. मग त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

उशिरा दुपारी

अप्पाला फिट. सकाळची गोळी नाही. मी खुर्चीत. त्याचं डोकं फरशीवर आपटत होतं. भिवाला एका हाताने धरता येईना. मला खुर्चीतून उतरता येत नाही, पडता येतं. पडलो. अप्पाचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या मांड्यांना काही कळत नाही, त्यामुळे कितीही आपटलं तरी चालतं. माझ्या मांड्यांचा हा उपयोग कोणी आधी सुचवला नव्हता.

आणखी एक आली. मधे शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, साहेब, हे कुठल्या स्टँडर्डात बसतं? मी म्हटलं, बोलू नकोस. तो म्हणाला, पुरवणीत घाला.

जयवंत येईल. गिरगावातून परळ काही लांब नाही. बातमी कळली की निघेलच तो. दाराच्या बाहेर पावलं वाजली की त्याचीच.

१८ जानेवारी, बुधवार. सकाळ

फिट्स मोजणं सोडलं. एक संपते न संपते तोच दुसरी. मधे शुद्ध येत नाही आता. ओठ सुकलेत. पिंप कोरडं. भिवाने पिंप वाकडं करून तळातलं फडक्यात टिपलं आणि अप्पाच्या ओठांवर पिळलं.

हे निम्म्या पिंपाचं मी कोणाजवळ बोललेलो नाही. कोणी मला बोललंही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तर तयार आहे. ओल्या फरशीवरून पडण्याचा धोका.

थोड्या वेळाने

संचारबंदी जरा सैल झाली म्हणतात. राधाबाई आल्या! दाराबाहेर त्यांचा आवाज. चावी नाही. कुलूप दगडाने ठोकून पाहिलं, कुलूप हललं नाही. माझ्यामुळे इतकं भक्कम. मी आतून सांगितलं, गोळ्या आणा. दवाखान्यालाही कुलूप. वझे मास्तरांना निरोप? ते गिरगावात, तिकडे गोळीबार चाललाय म्हणाल्या. शिवा? त्याचा पत्ता नाही. मालन सगळीकडे विचारत फिरतेय.

मग म्हणाल्या, थांबा. खालच्या मोरीतून एनिम्याची रबरी नळी धुऊन आणली. जुन्या कडीच्या जागी दाराला भोक आहे, त्यातून नळी आत सारली आणि बाहेरून नरसाळ्याने पाणी ओतलं. मी स्वच्छतेच्या दृष्टीने हरकत नोंदवली. राधाबाई बाहेरून म्हणाल्या, टिपणीस, तोंड लावा.

पहिलं पाणी अप्पाला. वाटीत घेऊन थेंब थेंब, बरंचसं गालावरून गेलं. मग रामजी, सीताराम, भिवा. मग मी. नळी भिवाच्या तोंडातून माझ्या तोंडात आली हे पाणी पिऊन झाल्यावर लक्षात आलं. भिवाच्याही लक्षात आलं. तो नुसता बघत होता. मी म्हटलं, आणखी आहे का?

राधाबाई माणसं आणते म्हणून गेल्या. परत संचारबंदी लागली. त्यांना गल्लीच्या तोंडाशीच अडवलं असणार.

दुपार, घाईत

अप्पा गरम लागतोय. श्वास घरघरतो. ओरडून काही होत नाही, लोक घोषणा समजतात. भिवा म्हणाला, वस्तू टाकू या. मी विचारलं, कुठल्या वस्तू, संस्थेची मालमत्ता आहे. भिवा म्हणाला, टिपणीस, हा मरतोय.

बेडपॅन घ्या म्हणालो. मी म्हणालो. हे नोंदवून ठेवतो.

सीताराम खिडकीशी कान देऊन बसला. रिकाम्या रस्त्यावर बेडपॅन टाकून उपयोग नाही, कोणी असेल तेव्हाच टाकायचा. बऱ्याच वेळाने म्हणाला, बूट येतायत, बरेच आहेत, आता. भिवाने डाव्या हाताने भिरकावला. इनॅमलचा. असा आवाज झाला! पाठोपाठ तांब्या. मग माझी परवानगी न घेता पाण्याचा पेला.

पोलीस शिट्ट्या फुंकत जिन्यावरून वर. दंगलखोरांनो दार उघडा, म्हणून ओरडले. आम्ही पाचही जण, म्हणजे चार जण, ओरडलो की तुम्हीच उघडा. बंदुकीच्या दस्त्याने कुलपावर घाव घालायला लागले. मी आतून ओरडलो, जपून, कुलूप नवीन आहे! का ओरडलो असा, मला सांगता येत नाही.

दार उघडलं. हवालदार काठी उगारून आत आला आणि तसाच उभा राहिला. फरशीवर मी, मांडीवर अप्पा. त्याने काठी खाली केली. विचारलं, दगडफेक करणारे कुठे आहेत? भिवा म्हणाला, आम्हीच. आधी याला न्या.

अप्पाला भिवाने आणि एका शिपायाने उचलला आणि पोलीसगाडीतून इस्पितळात. भिवा बरोबर गेला. मला वर खुर्चीत बसवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळपर्यंत फरशीवरच होतो. मांड्यांवर अजून कोणाचं वजन असल्यासारखं वाटतंय, पण तसं वाटणं शक्य नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

२० जानेवारी, शुक्रवार

अप्पा काल गेला. भिवा तिकडेच अडकला होता, आज पोचला, तेव्हा कळलं. शेवटपर्यंत शुद्ध आली नाही. घरच्यांपैकी कोणी येऊ शकलं नाही, रस्ते बंद. भिवाने आणि इस्पितळातल्या दोन वॉर्डबॉयनी उरकलं.

राधाबाईंनी खाटेवरची चादर काढली. मी म्हटलं, राहू द्या. का, विचारलं त्यांनी. काढली.

शिवाविरुद्ध कडक अर्ज लिहायला घेतला. कर्तव्यात कसूर, मृत्यूस कारण, तात्काळ बडतर्फ. ओळीने शब्द सुचतायत. जयवंतचा निरोप नाही. त्याच्याकडेही गडबड असणार.

२३ जानेवारी, सोमवार

शिवा आला. डोक्याला पट्टी, उजवा डोळा सुजलेला. सतरा तारखेला उजाडायच्या आतच निघाला होता इकडे यायला. वाटेत पकडला. कमरेला चाव्यांचा जुडगा, एवढ्या चाव्या कसल्या म्हणून दुकानं फोडणारा ठरवून आत टाकला. तो सांगत होता की वर माणसं कोंडलीत, माझ्याकडे चावी आहे. त्यांनी चाव्या जप्त केल्या. काल सोडला.

रिकाम्या खाटेशी उभा राहिला. मग खाली बसला आणि मोठ्याने रडला. रामजीने त्याला मालवणीत काहीतरी सांगितलं. या वेळी लिहिण्यासारखं होतं, पण मला नीट ऐकू आलं नाही.

अर्ज फाडला.

फाडला आणि मग सरळच समोर आलं. शिवा दारात झोपत असता तर गोळी वेळेवर मिळाली असती. दारात झोपू नये हे कोणी सुचवलं? कुलूप कोणी मागितलं? पिंप निम्मं कोणी करवलं? ‘कुलूप झोपत नाही.’ मीच लिहिलं ते. मी पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं.

खुर्ची आज रामजीला दिली. त्याने विचारलं, काम संपलं काय? मी हो म्हटलं.

२६ जानेवारी, गुरुवार

रविवारी विश्वस्त येणार आहेत, शोकसभा आणि पाहणी. ठरलं. सगळ्यांसमोर कबूल करायचं. अप्पाचा मृत्यू माझ्या अर्जामुळे झाला, मला जी शिक्षा द्यायची ती द्या. संस्थेतून काढून टाकलं तर? जयवंतकडे जाईन. त्याच्याकडे तिसरा मजला आहे. असू दे. त्याचं त्याने बघावं.

भाषण पाठ करतोय. पहिल्या वाक्यातच आवाज फुटतो. फुटू दे. कदाचित तेच योग्य.

भिवाने विचारलं, ओठ कसले हलवताय? म्हटलं, रविवारी कळेल.

२९ जानेवारी, रविवार

लिहितो. जसं झालं तसं.

मुख्य विश्वस्त आबासाहेब आले, बरोबर आणखी दोघे आणि फोटोग्राफर. वझे मास्तर पुढे. मिनिटभर उभं राहून शांतता, ज्यांना उभं राहता येतं त्यांनी. आबासाहेब म्हणाले, देवाची इच्छा. मग म्हणाले, असं पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही कडक उपाय ठरवला आहे. खिडकीला लोखंडी जाळी बसवणार. पोलिसांवर भांडी पडली, संस्थेच्या नावाला बट्टा लागला, ते यापुढे होणार नाही.

मी हात वर केला. उभं राहता येत नाही तर निदान हात. म्हणालो, आबासाहेब, दोष माझा आहे. हे कुलूप माझ्या मागणीवरून लागलं. शिवाला दारातून माझ्या अर्जावरून हटवलं. अप्पाचा जीव माझ्यामुळे गेला. आवाज फुटला, ठरवल्याप्रमाणे.

आबासाहेबांनी वझे मास्तरांकडे पाहिलं. विचारलं, कुठला अर्ज? मास्तर गोंधळले. मग माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, टिपणीस, तुमचे अर्ज आहेत हो सगळे माझ्याकडे, पण तुमचं अक्षर फार बारीक, चष्म्याला झेपत नाही. वाचायचं राहूनच गेलं.

मी म्हटलं, मग कुलूप?

आबासाहेब वैतागले. म्हणाले, त्यात अर्जाचा काय संबंध? माझ्या शिवडीच्या गोदामात चोऱ्या व्हायला लागल्या, रात्रीला भरवशाचा माणूस हवा होता. नाताळापासून शिवाला तिकडे झोपायला बोलावलं. इथे रात्री माणूस नाही म्हटल्यावर कुलूप नको का?

अगदी सहज म्हणाले. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

शिवा दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलं. म्हणाला, साहेब, मी तिकडे तिकडे म्हणत होतो ते शिवडीचंच. तुम्हाला ठाऊक नव्हतं? भिवा, रामजी, सीताराम, सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच नव्हतं. कोणाला सांगावंसंही वाटलं नाही, मी वाचून दाखवत असायचो ना सारखा.

म्हणजे मी काही केलेलं नाही. कुलूप माझं नाही. विजय माझा नव्हता आणि हेही माझं नाही. एवढं पिंपाचं सोडलं तर. ते तोंडी सांगितलं होतं, म्हणून झालं. त्याबद्दल बोलायचं होतं, पण आबासाहेब घड्याळ बघत होते.

मी घाईघाईने दुसरंच बोललो. म्हणालो, निदान एक करा, एक चावी आत आमच्याजवळ ठेवा. पहिल्यांदाच अर्ज न लिहिता काहीतरी मागितलं. भिवाही बघायला लागला, मान हलवली त्याने. आबासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, अहो, कुलूप बाहेरून आहे. आतल्या चावीने उघडणार कसं? दोघे विश्वस्त हसले. फोटोग्राफर हसला. वझे मास्तरही हसले, पण त्यांनी तोंडावर हात धरला. खरं सांगायचं तर माझ्याही ओठांवर आलं हसू.

फोटो काढला. सगळे जिना उतरून गेले, मोटारीचं दार लागलं, आणि मग मला सुचलं की म्हणायचं होतं, मग बाहेरून कुलूप लावूच नका. एवढं साधं. भिवाला सांगितलं. तो म्हणाला, मलापण आत्ताच सुचलं.

१ फेब्रुवारी, बुधवार

खिडकीला जाळी बसली. गवंडी चांगला होता, काम पक्कं केलं. सीताराम हात फिरवून म्हणाला, बोटही जात नाही.

जयवंत आला होता. पेढे घेऊन. त्याला मुलगी झाली सतरा तारखेला, त्या गडबडीत प्रसूतिगृहात कसा पोचला त्याचीच कथा सांगत होता. मी इकडचं काही सांगितलं नाही. जागेचं विचारलं नाही. जाताना तोच म्हणाला, दादा, तुला इथे बरं आहे ना? सोबत आहे, डॉक्टर आहे, सगळं सुरक्षित. मी म्हटलं, हो.

५ फेब्रुवारी, रविवार

नवं कुलूप आलं. जुन्यापेक्षा मोठं. संध्याकाळी शिवाने लावलं. लावण्यापूर्वी बराच वेळ दारात उभा होता, हे बघा, ते बघा, पाणी आहे ना, सगळं आहे ना. मग म्हणाला, जाऊ? जसं काही आम्ही नको म्हटलं असतं तर थांबला असता. शिवडीला गेला.

लिहायला बसलो. स्टँडर्ड लिहावं असं काही सुचलं नाही.

भिवा पत्ते पिसत होता, एका हाताने, मांडीवर दाबून. म्हणाला, टिपणीस, एक भिडू कमी आहे, येता का? मी सांगितलं, मला पत्ते येत नाहीत. रामजी म्हणाला, येतील. सीतारामचे पत्ते रामजी त्याच्या कानात सांगतो आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू जातं, तरी सगळे न ऐकल्यासारखं करतात. मला खाटेवरून ओढून खाली बसवलं.

तिन्ही डाव हरलो. सीतारामकडूनसुद्धा.